ऑक्सिजन सेन्सर बदलण्यापूर्वी

गेल्या महिन्यात माझ्या पेट्रोल गाडीचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि स्कॅनरवर 'पी०१३५' हा कोड आला, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) आधी बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन ओळखणारा भाग) हीटर सर्किटमध्ये बिघाड. गॅरेजमध्ये लगेच नवा सेन्सर बसवण्याचा सल्ला मिळाला, परंतु कोड हा सर्किटकडे बोट दाखवतो, सेन्सरच निकामी झाला आहे असे तो सांगत नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

हा सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्यावरच नीट काम करतो. थंड इंजिनात तो लवकर तापावा म्हणून आत हीटर असतो. इंजिन गार झाल्यावर मी कनेक्टर सोडवून मल्टिमीटरने हीटरचा रोध मोजला. तो सुमारे ६ ओहम भरला, म्हणजे हीटर शाबूत होता. मात्र इग्निशन चालू करूनही कनेक्टरच्या गाडीकडच्या बाजूला १२ व्होल्ट येत नव्हते. फ्यूज उडालेला होता, आणि नवा घालताच तोही उडाला. वायरिंगचा माग काढला तेव्हा एक वायर क्लिपमधून निसटून एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनातला धूर बाहेर नेणारा, खूप तापणारा धातूचा भाग) टेकलेली दिसली. तिचे आवरण वितळून आतले तांबे काळे पडले होते, आणि ते धातूला टेकल्याने शॉर्ट होऊन फ्यूज उडत होता.

तेवढा तुकडा कापून नवी वायर जोडली, वर उष्णतारोधक स्लीव्ह चढवली, क्लिप पक्की केली आणि फ्यूज बदलला. कोड पुसून इंजिन तापू दिल्यावर सेन्सरचे व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान भराभर वरखाली होऊ लागले. निरोगी सेन्सर असाच वागतो.