पॉलिश ड्रमवरची लाल रेघ

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. वडिलांनी ट्रॉल्यांच्या दुरुस्तीवर सुरुवात केली. आज आम्ही हळद शिजवायचे वाफेचे कुकर आणि हळकुंड पॉलिश करायचे ड्रम बनवतो. हळदीचा सीझन चार महिन्यांचा, त्यातच वर्षाचं भागवायचं.

माणसं आठ, पण डोकी तीन तऱ्हेची. मिस्त्री वडिलांच्या वेळचे. नवं ड्रॉइंग दाखवलं की पहिला शब्द "नाही". भाचा इंजिनिअर होऊन आला, त्याचे जुनं काही दिसलं की हात शिवशिवतात. आणि हिशेब बघणाऱ्या ताई. मशीनला बोट लावत नाहीत, पण दुरुस्तीच्या वहीतला शेरा न् शेरा वाचतात.

2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि मलाही चेव चढला. भाच्यानं ड्रमचे फेरे मिनिटाला 30 वरून 45 वर नेले. काम लवकर उरकणार होतं. मिस्त्री काहीतरी सांगायला लागले, तर मीच म्हणालो, "जरा नवीन होऊ द्या की!" आठवड्यात गिऱ्हाईक पोतं घेऊन आलं आणि शेडातच उपडं केलं. चकाकी झकास, पण हळकुंडांची टोकं उडालेली, तळाला पिवळा चुरा. सौद्याला भाव अख्ख्या हळकुंडाला असतो. ड्रम परत घेतला.

"तुमाला दिसत हुतं, मग बोलला का नाही?"

"बोललो असतो तर म्हणला असता, झालं ह्यांचं चालू."

खरं होतं. मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. दोन सीझन मिस्त्री म्हणतील तेच. तक्रार एक नाही, आणि नवी वस्तूही एक नाही. भाचा पुण्यात नोकरी बघायला लागला, हे मला बहिणीकडून कळलं.

कोंडी फोडली ताईंनी. "दादा, दरवेळी ह्याच बाजूचं बेअरिंग का हो जातं?" मिस्त्री ते इतकी वर्षं मुकाट्यानं बदलत आले होते, भाच्याचं लक्ष मोटरवर. खोलून बघितलं तर ग्रीसमध्ये हळदीची पूड मळून शिऱ्याचा गोळा झालेला. भाच्यानं बेअरिंग ड्रमपासून चार इंच बाहेर काढलं, मिस्त्रींनी मधे नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती बसवली. एकट्या कुणाला ते जमलं नसतं.

भाच्यानं नंतर सांगितलं, कर्टन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं 1976 मध्येच मांडलंय: काहीजण आहे ते सुधारत नेतात, काहीजण चौकटच मोडतात, आणि कल्पकता दोघांकडेही असते. मी मात्र मिस्त्रींना नुसता ब्रेक समजत होतो.

आता ड्रॉइंग खडूनं फरशीवर काढतो. आधी मिस्त्री बोलतात, चहा येईपर्यंत भाच्यानं उत्तर द्यायचं नाही. (हे त्याला अजून जड जातं.) मग आमच्या खर्चानं एक पोतं हळद फिरवून बघायची, आणि त्यात काय बिघडलं ते ताई लिहून घेतात.

यंदाच्या ड्रमला भाच्यानं वेग कमी-जास्त करायचं बटण बसवलंय. मिस्त्रींनी त्याच्या तबकडीवर, 30 च्या जरा पुढं, ऑइलपेंटनं लाल रेघ मारली. भाचा म्हणाला, रेघ 35 वर पाहिजे. पोतं आणायला माणूस पाठवलाय.