सॅम्पल चुंबकीय आहे का? हो / नाही

टीईएमच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या, फॉर्मवरच्या या रकान्यात मी प्रामाणिकपणे 'हो'वर खूण केली आणि साडेतीन महिने घालवले.

सॅम्पल कोबाल्ट फेराइटचं, म्हणजे कोबाल्ट आणि लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडचं. बनवायला सोपं. कोबाल्ट नायट्रेट २.९१ ग्रॅम, फेरिक नायट्रेट ८.०८ ग्रॅम पाण्यात विरघळवायचं, कॉस्टिक सोड्यानं पीएच १२ वर न्यायचा. गाळासकट ७० मिली द्रव १०० मिलीच्या टेफ्लॉनच्या भांड्यात, ते स्टीलच्या ऑटोक्लेव्हमध्ये (घट्ट बंद होणाऱ्या दाबपात्रात), ओव्हनमध्ये १८० अंशांवर १२ तास. काळी पावडर तयार. धुणं तर त्याहून सोपं: बीकरला चुंबक लावायचा, पावडर तळाशी बसते, वरचं पाणी ओतून द्यायचं. सेंट्रिफ्यूजसाठी कुणाची मनधरणी नको.

एक्सआरडी, म्हणजे स्फटिकरचना दाखवणारा क्ष-किरणांचा आलेख, आठवड्यात आला. ३५.५ अंशांजवळ ३११ चं (स्फटिकातल्या अणूंच्या एका थराचं) शिखर, शिखराच्या रुंदीवरून आकार काढणाऱ्या शेररच्या सूत्रानं कण साधारण १७ नॅनोमीटरचे. सर म्हणाले, "टीईएम करून घे, नाहीतर पेपर तपासणारा रेफरी सोडणार नाही."

मग तो फॉर्म. पहिल्यांदा परत आला, कारण एचओडींची सही होती, शिक्का नव्हता. शिक्का मारून पाठवला. तीन आठवड्यांनी परत: 'चुंबकीय सॅम्पल घेतले जात नाही.' बरं, हे पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं? रकाना तेव्हाही भरलेलाच होता! मी स्वतः गेलो. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "ऑपरेटर रजेवर आहेत, सोमवारी या." असे चार सोमवार. पाचव्या सोमवारपर्यंत, मी आधीच भरलेल्या फीच्या चलनाची मुदत संपली.

लॅबमधल्या एकानं सुचवलं, "'नाही' लिही ना, कोण बघतंय?" लिहू नका. टीईएमचं भिंग म्हणजे चुंबकच; सुटी चुंबकीय पावडर त्याच्या क्षेत्रात खेचली जाऊन पोल पीसला (त्या चुंबकाच्या टोकाला) चिकटू शकते, आणि मग कोट्यवधींचं यंत्र बंद. मला राग नियमाचा नव्हता, तो सांगायला लावलेल्या वेळाचा होता.

अरे हो, धुण्याचं राहिलं. पाण्याचा पीएच ७ येईपर्यंत धुवा, शेवटी इथेनॉलनं. माझ्या पहिल्या बॅचच्या एक्सआरडीत २९.४ अंशांवर आगंतुक शिखर आलं होतं. ते सोडियम नायट्रेट निघालं. आणि ऑटोक्लेव्ह गरम असताना उघडायची घाई करू नका.

शेवटी दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेतल्या ऑपरेटर मॅडमनी फोनवरच अट सांगितली: पावडर आणायची नाही, इथेनॉलमध्ये अगदी विरळ करून थेंब कार्बन-लेपित ग्रिडवर (सॅम्पल ठेवायच्या बारीक जाळीवर) टाकायचा, पूर्ण वाळवायचा, आणि ग्रिडजवळ चुंबक नेऊन काही सुटत नाही हे त्यांच्यासमोर दाखवायचं. रात्रीच्या एसटीनं गेलो. चुंबक धरताना माझाच हात थरथरत होता. काही सुटलं नाही.

दुपारी पडद्यावर रेषा दिसल्या, ०.२५ नॅनोमीटर अंतराच्या. एक्सआरडीतलं तेच ३११, थरांमधलं अंतर जुळलं. मॅडम म्हणाल्या, "चांगलं आलंय की." मी शंभरेक कण मोजले, सरासरी १९ नॅनोमीटर.

तुमचं फेराइट असेल तर फॉर्म भरण्याआधी ऑपरेटरलाच फोन करा, खिडकीला नाही. आणि चलन सगळ्यात शेवटी भरा. माझे ते पैसे अजून परत आलेले नाहीत.