अ‍ॅपल टीव्हीची हार्ड डिस्क बदलली, आणि त्या हिरव्या टिकचा घोळ

आधीच सांगतो, डिस्क काढून दुसरी बसवणं हे काम अजिबात अवघड नाही. माझं डोकं फिरवलं ते एका फुकटातल्या क्लोनिंग सॉफ्टवेअरने, म्हणजे एका डिस्कची हुबेहूब नक्कल दुसरीवर उतरवणाऱ्या. शंभर टक्के पूर्ण, मोठी हिरवी टिक, खाली 'सक्सेसफुल' आणि डबा मात्र ढिम्म. नाव घेत नाही त्याचं, पण अजून आठवलं की चिडचिड होते.

डबा म्हणजे टीव्हीला जोडायचा, पहिल्या पिढीचा अ‍ॅपल टीव्ही, २००७ चा, ४० जीबीवाला. हल्लीच्यांसारखा नाही, आत चक्क लॅपटॉपची अडीच इंची हार्ड डिस्क फिरते. मोठा भाऊ अमेरिकेतून येताना घेऊन आला होता. २०१८ च्या मे महिन्यात त्याच्यावरचं आयट्यून्स स्टोअर बंद झालं, पण घरच्या लॅपटॉपवरच्या आयट्यून्समधून सिंक अजून होतं, म्हणजे गाणी त्यात उतरतात, आणि बाबांच्या सगळ्या कॅसेटी मी उतरवून त्यातच टाकल्यात. बाबांना तो एवढासा पांढरा रिमोट बरोब्बर जमतो, टीव्हीला लावायची नवीन स्टिक आणून दिली तर आठवड्यात ड्रॉवरमध्ये जाणार हे मला माहीत आहे. तेव्हा "अहो फेका ते, नवीन घ्या" हा सल्ला कृपया देऊ नका, तो मला गल्लीतल्या पोरापासून मेहुण्यापर्यंत सगळ्यांनी देऊन झालाय.

डिस्क गेली म्हणजे एकदम नाही गेली. आधी गाणी मध्येच अडकायला लागली, मग टक-टक आवाज, मग सुरू व्हायलाच तयार नाही. इतकी वर्षं चालली, तिने तरी किती करायचं.

दुसरी डिस्क पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळाली. जुन्या आयडीई जोडणीचीच हवी, ४४ पिनची, आणि जाडी साडेनऊ मिलिमीटर, नंतरच्या सॅटा जोडणीची डिस्क त्यात लागत नाही. नवी कोणी ठेवत नाही, जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या असतात, दुकानदाराला हेल्थ दाखवायला लावा आणि मगच पैसे द्या. मला १६० जीबीची मिळाली.

आता हिरवी टिक. जुनी आणि नवी दोन्ही यूएसबी अडॅप्टरला लावल्या (अडॅप्टर दोन यूएसबी पिनांच्या वाय केबलचा घ्या, एका यूएसबी २ पोर्टमधून ५०० मिलिअ‍ॅम्पियरच मिळतात आणि डिस्क फिरायला लागताना तेवढ्यात तिचं भागत नाही, नुसती टकटक करते आणि आपल्याला वाटतं तीही गेली). विंडोजने लगेच विचारलं, ही डिस्क फॉरमॅट करायची का. कॅन्सल. दर वेळी कॅन्सल. मग त्या सॉफ्टवेअरने क्लोन सुरू केलं, खराब सेक्टर, म्हणजे डिस्कचे वाचता न येणारे तुकडे, सोडून पुढे जायचा पर्याय होता तो दिला, रात्रभर चाललं, सकाळी टिक. डिस्क बसवली, टीव्ही लावला, लोगो आला, पुढचा दिवा पिवळा मिचमिच, मग काळं, परत लोगो, परत काळं. रिमोटवर मेन्यू आणि मायनस सहा सेकंद दाबून धरलं की रिकव्हरीचा, म्हणजे डबा पहिल्यासारखा करायचा मेनू यायला पाहिजे, तोही येईना.

दुकानात गेलो तर साहेब म्हणाले, "डिस्क कंपॅटिबल नसणार काका, बदलून देतो." बदलून दिली. परत क्लोन, परत टिक, परत तेच. मग म्हणाले मदरबोर्ड गेला असेल. म्हटलं, ठेवा तुमच्यापाशी तुमचं निदान.

शेवटी लिनक्सचा पेन ड्राइव्ह केला आणि दोन्ही डिस्कचे पार्टिशन, म्हणजे डिस्कवर पाडलेले कप्पे, एसजीडिस्क नावाच्या प्रोग्रॅमने शेजारी-शेजारी काढून बघितले. चार पार्टिशन असतात. पहिलं ईएफआय (सुरू होतानाचं), ३४ एमबीच्या आसपास, दुसरं रिकव्हरी ४०० एमबी, तिसरं ओएसबूट (नेहमीची सिस्टीम) ९०० एमबी, आणि उरलेलं सगळं मीडिया, म्हणजे गाणी वगैरे. साइज जुळत होते, नावं जुळत होती, एकही वेगळं दिसेना. मग एकेका पार्टिशनची सविस्तर माहिती मागवली, मायनस आय देऊन, आणि दुसऱ्यावर फरक सापडला. प्रत्येक पार्टिशनला एक लांबलचक टाइप कोड असतो. जुन्या डिस्कवर दुसऱ्याच्या कोडची सुरुवात ५२६५६३६एफ-७६६५ अशी, नवीनवर ४८४६५३०० अशी. हे आकडे अक्षरांत वाचले तर जुन्यात आर-ई-सी-ओ-व्ही-ई निघतं, म्हणजे रिकव्हरीची पहिली सहा अक्षरं, आणि नवीनमध्ये एच-एफ-एस. म्हणजे त्या शहाण्या सॉफ्टवेअरने आतला डेटा उचलला, पण पार्टिशन टेबल, म्हणजे या कप्प्यांची यादी, स्वतःच्या मनाने नवीन मांडलं, आत एचएफएस प्लस (फाइली ठेवायची अ‍ॅपलची पद्धत) दिसलं म्हणून साधं एचएफएस असं लेबल लावून मोकळं झालं. डबा रिकव्हरी शोधतो तो या कोडवरून, नावावरून नाही. त्याला तो सापडणारच नव्हता. आणि ओएसबूटमधले खराब सेक्टर सोडून दिलेले, त्यामुळे नेहमीची सिस्टीमही उठेना. दोन्ही दारं बंद, आणि वर टिक हिरवी!

मला राग याचाच आहे. काही बदललं तर निदान एक ओळ तरी दाखवा ना बाबा.

दुरुस्ती मग पाच मिनिटांची. एसजीडिस्कमध्ये दुसऱ्या पार्टिशनचा टाइप एएफ०४ करायचा, यादीत तो अ‍ॅपल टीव्ही रिकव्हरी म्हणूनच दिलेला आहे. पण तोवर माझा त्या क्लोनवरचा विश्वास उडाला होता, म्हणून सगळं पहिल्यापासून केलं. जुनी डिस्क डीडीरेस्क्यूने (बिघडलेल्या डिस्कवरून डेटा वाचवणारा प्रोग्रॅम) वाचली, थेट नव्या डिस्कवर नाही, आधी लॅपटॉपवर इमेज फाइल, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी प्रत एका फाइलमध्ये, आणि ती मग नवीवर ओतली. मॅप फाइल, म्हणजे काय वाचून झालं याची नोंद, द्यायला विसरू नका, ती दिली की मध्येच लाइट गेली तरी जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. पहिल्या फेरीत जे सहज वाचता येतं तेवढंच उचलायचं, अडलेल्या भागांवर नंतर परत परत प्रयत्न करायला लावायचे, कारण मरायला टेकलेली डिस्क जेवढी जास्त फिरवाल तेवढी लवकर जाते. मला रिकव्हरी पार्टिशन पूर्ण आलं, एकही बाइट न गमावता. ओएसबूटमध्ये काही तुकडे आलेच नाहीत, पण त्याने फारसं बिघडत नाही, कारण मूळ सिस्टीमची प्रत रिकव्हरीत असते आणि फॅक्टरी रिस्टोअर केलं की ती ओएसबूटवर परत उतरते. म्हणून वाचवायचं असेल तर आधी दुसरं पार्टिशन वाचवा, जीव त्यात आहे.

मीडिया मी कॉपीच केलं नाही, सगळं लॅपटॉपवरच्या आयट्यून्समध्ये आहे. शिवाय मोठ्या डिस्कवर ते वाढवायचं झालं तर लिनक्समधून एचएफएस प्लस मोठं करता येत नाही, नुसतं लहान करता येतं. त्यापेक्षा चौथं पार्टिशन उडवलं, उरलेल्या सगळ्या जागेत नवीन केलं, जर्नलसकट (बदलांची नोंद ठेवणारा पर्याय) एचएफएस प्लस फॉरमॅट केलं आणि नाव दिलं मीडिया. त्याआधी एसजीडिस्कला मायनस ई देऊन पार्टिशन टेबलची दुसरी, राखीव प्रत डिस्कच्या टोकाला न्यावी लागते. लहान डिस्कची इमेज मोठीवर ओतली की ती प्रत मध्येच कुठेतरी अडकून राहते आणि पुढची जागा वापरताच येत नाही.

मग डिस्क बसवली, मेन्यू-मायनस धरलं, आणि आली की हो ती भाषा निवडायची स्क्रीन! खोटं कशाला बोलू, मी घरात ओरडलो. फॅक्टरी रिस्टोअर, चहा होईतोवर झालं. बाबांनी येऊन फक्त एवढंच विचारलं की आवाज का येत नाहीये, तर टीव्ही म्यूटवर होता. सिंक रात्री लावून झोपलो.

अरे हो, उघडण्याचं राहिलंच. खालची रबराची चकती गोंदाने चिकटवलेली असते, ओढू नका, फाटते. हेअर ड्रायरने थोडी गरम केली की कडेने सुटते. खाली टी१० चे स्क्रू, आणि डिस्कला टी८, हे चांदणीच्या आकाराचे असतात, साध्या स्क्रूड्रायव्हरने झटापट करून खाचा घालवू नका. डिस्क तळाच्या पत्र्यालाच जोडलेली असते आणि केबल आखूड आहे, तेव्हा पत्रा झटकन उचलू नका, पुस्तकासारखा हळू उघडा आणि आधी केबल सोडवा. आणि रिकव्हरीची ती ४०० एमबीची इमेज दोन ठिकाणी ठेवा, मी एक भावालाही पाठवून ठेवली आहे.