आजेसासूचे पोर्तुगीज शोधताना

माझं माहेर फोंड्याचं आणि सासर अमेरिकेत, पूर्व टेनेसीतलं, हॅनकॉक काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) न्यूमन्स रिज नावाचा लांबलचक डोंगर आहे तिथलं. सासरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट अशी की आपले पूर्वज पोर्तुगीज, जहाज फुटलं, खलाशी किनाऱ्याला लागले आणि आत आत सरकत या डोंगरात येऊन राहिले, म्हणून आपण जरा सावळे. आता गंमत बघा, आमची शांतादुर्गा सोळाव्या शतकात ज्यांच्या भीतीने केळशीहून कवळ्याला हलवली तेच माझ्या सासरचे मूळपुरुष! आजेसासूला (सगळे तिला मामॉ म्हणतात) हे सांगितलं तर ती म्हणाली, अगं मग आपली ओळख जुनीच की. नवऱ्याला यात शून्य इंटरेस्ट, त्यामुळे शोधकाम सुनेच्या गळ्यात.

१९५० पर्यंतची सेन्सस (जनगणना) फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट बघता येते (७२ वर्षं झाल्याशिवाय नावं उघड करत नाहीत), तिथून मागे मागे पटापट गेले आणि मग अडकले. १८९०ची सेन्सस वॉशिंग्टनला १९२१च्या आगीत गेली, म्हणजे १९०० वरून एकदम १८८०, आणि मधल्या काळात जन्मून, लग्न करून, घर सोडून गेलेली माणसं कागदावर सापडतच नाहीत. मामॉचे पणजोबा वारले १९१३ला, आणि टेनेसीत नेमकी १९१३ची डेथ सर्टिफिकेटं नाहीतच, आधीचा कायदा १९१२ला संपला आणि नवीन नोंदणी १९१४पासून, माणसाने जायला वर्ष पण काय निवडलं. त्यात हॅनकॉकचं कोर्टहाऊस जळलेलं. पण एक आहे, ही काउंटीच मुळात १८४४ला हॉकिन्स आणि क्लेबोर्न तोडून केली, त्यामुळे त्याआधीचे कागद तिथे नव्हतेच, ते रॉजर्सव्हिलला हॉकिन्सच्या कोर्टात. तुम्ही त्या भागात कुणाला शोधत असाल तर आधी काउंटी कधी झाली ते बघा, नाहीतर नुसता पेट्रोलचा खर्च.

रॉजर्सव्हिलला डीड बुकमध्ये (जमिनीच्या खरेदीखतांच्या वहीत) मामॉच्या पूर्वजांपैकी एक जण सापडला. जमिनीची हद्द अशी लिहिलेली की ब्लॅकवॉटर क्रीकच्या काठच्या पांढऱ्या ओकपासून इतके पोल चेस्टनटपर्यंत, तिथून वळून अमक्याच्या रेषेपर्यंत. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. तो ओक आता कुठला सापडायला, आणि मोठे चेस्टनट तर रोगाने अख्ख्या अ‍ॅपलेशियातून गेले. खाली सहीच्या जागी फुली, तिच्या दोन बाजूंना नाव आणि वर-खाली ‘हिज’, ‘मार्क’, म्हणजे ‘त्याची खूण’. मी त्या फुलीचे भरपूर फोटो काढले, मग तिथल्या बाईंनी सांगितलं की डीड बुक म्हणजे क्लार्कने उतरवून घेतलेली नक्कल, फुलीसुद्धा त्याच्याच हातची. तरी फोटो ठेवलेत.

खरी गोष्ट कळली ती सेन्ससच्या रकान्यांत. हाच माणूस १८३०ला ‘फ्री कलर्ड’च्या (गुलाम नसलेल्या बिगरगोऱ्यांच्या) रकान्यात आणि त्याची नातवंडं १८८०ला सरळ ‘व्हाइट’. मधे काय झालं? १८३४च्या राज्यघटनेने टेनेसीतल्या स्वतंत्र काळ्या लोकांचा मताचा हक्क काढून घेतला, आणि १८४०च्या दशकात याच हॉकिन्समध्ये मेलंजन (या मिश्र वंशाच्या लोकांना बाहेरचे असं म्हणायचे, तेव्हा ती शिवीच होती) पुरुषांवर बेकायदा मतदान केलं म्हणून खटले भरले. पुढे १८७०च्या दशकात चट्टनूगाला एका मुलीच्या वारसाहक्काच्या केसमध्ये वकिलाने हे लोक काळे नव्हेत, मूळचे कार्थेजचे (उत्तर आफ्रिकेतलं प्राचीन शहर), पोर्तुगालमार्गे आलेले, असं मांडलं आणि केस जिंकली. म्हणजे पोर्तुगीज असणं ही नुसती आजीची गोष्ट नव्हती, त्यावर मत आणि जमीन टिकत होती.

आणि हे फार जुनं पण नाही. शेजारच्या व्हर्जिनियात वॉल्टर प्लेकर म्हणून जन्ममृत्यू नोंदणीचा प्रमुख होता, त्याने १९४३ला काउंटीवार आडनावांच्या याद्या पाठवल्या, की हे लोक गोरे म्हणून नोंद करायला येतील तर करू नका. ली काउंटीपुढे कॉलिन्स, गिब्सन, गोइन्स, मलिन्स. मामॉ तेव्हा शाळेत होती, माहेर ली काउंटीच्या हद्दीला लागून. तिच्या वडिलांनी सांगून ठेवलेलं, कुणी विचारलं तर पोर्तुगीज म्हणायचं आणि पुढे बोलायचं नाही. (गोऱ्या-बिगरगोऱ्या लग्नाला बंदी होती, त्यामुळे १९६७पर्यंत माझं लग्नसुद्धा व्हर्जिनियात बेकायदा ठरलं असतं, हे नवऱ्याला ऐकवून झालंय.)

शेवटी डीएनए. मामॉच्या टेस्टमध्ये बहुतेक सगळं ब्रिटिश बेटं, किंचित आफ्रिका, पोर्तुगाल-स्पेन काही नाही. पण सात-आठ पिढ्या मागच्या एका माणसाचा अंश एक टक्क्याच्याही खाली जातो, कधी काहीच उरत नाही, त्यामुळे नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका. वडिलांची सरळ रेषा बघायला वाय टेस्ट (बापाकडून मुलाला मिळणाऱ्या वाय क्रोमोसोमची) लागते, ती पुरुषालाच करता येते, म्हणून मामॉच्या भावाच्या मुलाला पटवलं. आलं ई-एम२, म्हणजे उप-सहारा आफ्रिका. २०१२च्या मेलंजन डीएनए अभ्यासात बऱ्याच घराण्यांचं असंच निघालंय, पुरुषांच्या रेषा आफ्रिकन आणि युरोपियन, बायकांच्या युरोपियन.

मामॉला सांगायला मी घाबरले होते. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, मग जहाजाचं काय? आता इथे मला पण मोह होतो, कारण १६१९ला व्हर्जिनियात उतरवलेले पहिले आफ्रिकन लोक अंगोलाचे होते, लुआंडाहून निघालेल्या पोर्तुगीज जहाजावरून लुटून आणलेले. पण त्यांच्यापासून आमच्या फुलीवाल्यापर्यंत दोनशे वर्षांचं अंतर, आणि मधे मला एकही कागद मिळालेला नाही. मामॉने तेवढ्यावर ठरवून टाकलं, जहाज पोर्तुगीज होतं ना, झालं तर.

आता हॉकिन्सच्या जुन्या टॅक्स लिस्ट बघायच्यात, त्या नॅशव्हिलच्या स्टेट आर्काइव्हजमध्ये आहेत. आणि ली काउंटीतल्या चुलत शाखेचा एक काका आहे, त्याची वाय टेस्ट मिळाली तर दोन्ही घराणी एकाच माणसापासून निघाली का ते कळेल, पण तो म्हणतो आम्ही पोर्तुगीज आहोत, थुंकी कशाला देऊ. मामॉ म्हणाली त्याच्याशी ती बोलेल.