'पालकाचा व्यवसाय' या रकान्यात आमचा सगळा गाव

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने शाळेत गेलो होतो तेव्हा सरांनी कपाटातले प्रवेश अर्जांचे जुने गठ्ठे काढून दिले आणि मी दोन तास तिथेच बसलो, बाकी काही नाही, फक्त 'पालकाचा व्यवसाय' वाचत.

आमच्या बॅचला सगळीकडे भातशेती, मासेमारी, मिठागर. माझ्या अर्जावर बाबांनी 'शेती' लिहून घेतलंय, पण तेव्हा जमीन संपादनात गेलेली होती. १९७० ला सिडको, म्हणजे नवं शहर वसवणारं सरकारी महामंडळ, आली, ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घेतल्या, तरी बाबांना दुसरा शब्द सुचला नसणार.

आता कुणाला सांगून खरं वाटत नाही पण बेलापूर पट्टीत खाडीलगत बांध होते, बांधाला उघाडी, म्हणजे पाण्याची झडप, भरतीला बंद ठेवायची आणि ओहोटीला उघडायची म्हणजे पावसाचं पाणी निघून जायचं, आणि खांड पडली, म्हणजे बांध फुटला, की अख्खा गाव रात्री चिखल घेऊन धावायचा. जमिनी गेल्या, मग बांध कोण राखणार!

जानेवारी १९८४ ला उरणकडच्या जासईला, संपादित जमिनींच्या मोबदल्यासाठीच्या आंदोलनात गोळीबार झाला, दोन दिवसांत पाच जण गेले. मी नववीत होतो. त्या आठवड्यात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. दि. बा. पाटील साहेबांचा तो लढा होता म्हणून पुढे साडेबारा टक्के, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्श्याची विकसित जमीन, परत मिळाली, हे मी माझ्या मुलांना आवर्जून सांगतो.

नंतरच्या गठ्ठ्यात 'माथाडी कामगार', म्हणजे बाजारात ओझी वाहणारे, दिसायला लागतं. मुंबईची घाऊक मार्केटं वाशीला आली, कोपरखैरणे, घणसोलीला माथाडींची घरं झाली. धाकट्या भावाच्या बाकावर साताऱ्याकडचा मुलगा होता, पहिल्यांदा ओहोटी बघून तो घाबरला, म्हणाला पाणी गेलं कुठे? भाऊ त्याला संध्याकाळपर्यंत काठावर घेऊन बसला, पाणी परत येईपर्यंत. १९९२ ला मानखुर्दवरून वाशीला लोकल आली आणि मग बँक, खाजगी नोकरी, कॉम्प्युटर. बाहेर गाववाले आणि सेक्टरवाले, म्हणजे नव्या वसाहतीतले, असं चालायचंच, पण हजेरीत सगळे एकाखाली एक, आणि याचं श्रेय मी आमच्या शिक्षकांनाच देतो.

कागद पिवळे पडलेत, कडा तुटतायत. ते स्कॅन करून घ्यायला हवेत, खर्च माझ्याकडे, आणि रविवारी येऊन मी स्वतः बसायला तयार आहे.