तुम्ही विचारलंत म्हणून : विकली तर किती येतील?

घरी येणारा जवळपास प्रत्येक जण काचेच्या कपाटातल्या छोट्या मॉडेल गाडीपाशी थांबतो आणि चहा यायच्या आत दोन प्रश्न टाकतो. ‘केवढ्याला पडली?’ आणि ‘विकली तर किती येतील?’ पहिल्याचं उत्तर मी देत नाही. सदाशिव पेठेत राहून एवढं तरी शिकलोय. दुसऱ्याचं देतो : घातले तेवढेही यायचे नाहीत.

गाडी आहे मर्सिडीज-बेंझ ५४०-के. खरी गाडी १९३६ साली पॅरिसच्या मोटर शोमध्ये आली. एका ओळीत आठ सिलिंडर, ५.४ लिटरचं इंजिन. एरवी ११५ अश्वशक्ती. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, सुरू होऊन १८०. बॉनेटच्या बाजूने बाहेर येणारे ते चकचकीत जाड पाइप एक्झॉस्टचे. ‘शोभेचे आहेत का?’ असंही विचारून झालंय.

माझी १:१८, म्हणजे साधारण सव्वापाच मीटरची गाडी २९ सेंटिमीटरमध्ये. कारागिराची परीक्षा इथेच असते. खऱ्या दाराभोवती ४ मिलिमीटरची फट असेल, तर १८ने भागल्यावर पाव मिलिमीटरही उरत नाही. रंगाचा थर मात्र असा भागून पातळ करता येत नाही. तो जरा जाड बसला की फट बुजते, मडगार्डच्या कडा बोथट होतात आणि गाडीचं खेळणं होतं. मी पैसे मोजले ते त्या फटीचे.

बरं, हे काही सोनं नाही. धातू जस्ताचा, त्यात सुमारे ४ टक्के अ‍ॅल्युमिनियम. ओतकामात शिशाचा अंश जास्त झाला, तर वर्षांनी धातू आतूनच फुगतो, तडे जातात, रंगाला फोड येतात. दमट हवेत हे आणखी लवकर. यावर औषध नाही. पावसाळ्यात मी सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो, पण त्याने फार तर दुखणं लांबतं. शिवाय कंपनीने तेच मॉडेल नव्या रंगात पुन्हा काढलं की जुन्याचा भाव उतरतो. काही मित्र खोका न उघडता माळ्यावर टाकतात, किंमत राहावी म्हणून. बंद खोक्यात फोम रंगाला चिकटून बसतो, हे त्यांना पटत नाही. आणि न बघता ठेवायची तर गाडीच कशाला, मुदत ठेव काय वाईट?

तुम्हालाही घ्यायचीच असेल तर दारं उघडून-मिटून बघा. चाकांचे स्पोक सुटे तारेचे आहेत की प्लॅस्टिकची एकसंध चकती, ते बघा. रविवारी जुन्या बाजारात एखादी दिसली तर आधी उलटी करून तळाला केसासारखे तडे शोधा. सापडले तर निम्म्यात देत असला तरी पुढे चला.

माझी हातात घ्यायची असेल तर खुशाल घ्या. फक्त पाइपांना धरून उचलू नका.