आणखी काही नुकसान?

बुधवार, रात्री साडेअकरा

कस्टमर केअरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, हीटर सोडून आणखी काही नुकसान झालंय का?"

मी म्हणाले, "नाही."

चार दिवस झाले. माशांच्या टाकीचा नवा हीटर आज दुपारी घरपोच आलासुद्धा. पण ते "नाही" माझ्या तोंडून आलंच कसं, हे काही उलगडत नाही.

गुरुवारी रात्री चांगलीच थंडी होती. निफाडचा पारा उतरला की इकडे नाशिकात आमच्या मागच्या खोलीची फरशी पायाला झोंबते. झोपताना टाकीचं पाणी २४ अंशांवर होतं, मी स्वतः बघितलं होतं. सकाळी सहाला झाकणाच्या आतून थेंब ओघळत होते, थर्मामीटर ३५ दाखवत होता आणि हीटरचा लाल दिवा पेटलेलाच होता. आधी बटण बंद केलं. मग आत बघायचं धाडस केलं.

अकराच्या अकरा निऑन मासे गेले होते. काही तळाशी, काही फिल्टरच्या जाळीला चिकटलेले. त्यांची ती निळी रेघ इतक्या लवकर विझते हे मला माहीत नव्हतं. दोन्ही गुरामी तेवढे जिवंत होते, पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या आसपास, तर ३५ला सातच्याही आत. आणि नेमका तेव्हाच माशांना तो जास्त लागतो. गुरामीला डोक्यात एक वेगळा अवयव असतो, त्यामुळे तो मासा वर येऊन सरळ हवा घेतो. निऑनला ती सोय नाही. बाबा हे पाहुण्यांना किती कौतुकाने सांगायचे.

असो.

तक्रारीच्या यादीत पर्याय होते: बंद पडला, फुटला, चुकीची वस्तू आली. माझी तक्रार "बंद होत नाही" अशी होती, आणि ती कुठेच बसेना. शेवटी फोन लावला. पहिला मुलगा म्हणाला, "गरम होतोय ना मॅडम? म्हणजे चालू आहे." मी त्याला समजावत बसले. आत दोन धातूंची जोडपट्टी असते, ठरलेल्या तापमानाला ती वाकते आणि वीज तुटते. दरवेळी तिथे बारीक ठिणगी उडते. उडता उडता एखाद्या दिवशी टोकं एकमेकांना चिकटतात, मग हीटर कट होतच नाही. त्याने शांतपणे ऐकलं आणि सांगितलं, चालू करून व्हिडिओ पाठवा. म्हणजे तो पुन्हा लावायचा. बादलीत पाणी घेतलं, हीटरची तापमानाची चकती २४वर ठेवली आणि शेजारी स्टूल घेऊन बसले. पाणी ३३ला पोचलं तरी दिवा विझला नाही. तेवढा वेळ त्या दिव्याकडे बघत बसणं मला फार जड गेलं.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आवाज तरुण होता, मागे दहाजणांचं बोलणं ऐकू येत होतं. ती चांगली बोलली. व्हिडिओ बघितला म्हणाली, बदलून देऊ म्हणाली. आणि मग तो प्रश्न.

मला वाटतं, मी घाबरले. मासे म्हटलं असतं तर तिने किती, केवढ्याचे, बिल आहे का, असं विचारलं असतं. किंवा काहीच न विचारता "ओके मॅडम" म्हणून पुढे गेली असती. यातलं कुठलं मला जास्त लागलं असतं, कोण जाणे. शेजारच्या काकांचं म्हणणं, ग्राहक हेल्पलाइनला, १९१५वर तक्रार कर. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं तर तेही मागता येतं. खरं आहे ते. पण मालमत्ता हा शब्द ऐकला आणि मी उठून आत गेले.

की घाबरले नव्हतेच, लपवत होते? टाकी दोन फुटी, पाणी जेमतेम पन्नास लिटर. पन्नास वॅट पुरले असते. दुकानदार म्हणाला शंभरचा घ्या, थंडी आहे, आणि मी घेतला. शंभर वॅट पन्नास लिटरला तासाला दीड-पावणेदोन अंश चढवतात. पन्नासचा अडकला असता तर सकाळपर्यंत पाणी कदाचित तिशीच्या आतच राहिलं असतं. हा हिशोब मी आता चारदा केलाय. बाबांनी कधी शंभरचा लावला नसता.

शनिवारी दादाचा फोन आला. "मासे काय म्हणतात?" मी म्हटलं, "मजेत." म्हणजे एकाच दिवसात दोनदा.

आज नवा हीटर हातात घेतला आणि पहिल्यांदा जरा शांत वाटलं. ती मुलगी तिचं काम नीट करत होती. पट्टी चिकटली, एवढंच. असं होतं, आणि ते मला आधी माहीत असायला हवं होतं. आता पन्नासचाच ठेवणार. शंभरचा हा परत करून मिळतो का बघेन, नाही मिळाला तर मध्ये वेगळा कंट्रोलर लावेन, म्हणजे हीटर अडकला तरी वीज बाहेरून तुटेल. तोवर गुरामींच्या टाकीला रात्री जाड चादर.

नऊला दादाला फोन केला. सगळं सांगितलं, अकराचा आकडाही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्यातले बाबांनी आणलेले किती होते?"

"पाच."

"गुरामी खातायत?"

"आज संध्याकाळी खाल्लं."

"मग ठीक," म्हणाला, आणि त्याचा आवाज बसला होता.

नवा हीटर आत्ता बादलीत आहे, चकती २४वर. मी स्टुलावर बसून हे लिहितेय. २२ झालेत. दिवा अजून लाल आहे.

(बारा वाजून दहा मिनिटं. विझला.)